लिहिण्यातली चूक

रात्रीचे दोन दहा.
शिवडीत, एक्स-रे सेंटरच्या मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी जुन्या फिल्म्सचे गठ्ठे असायचे,
स्क्रीनवर एक ओळ येऊन थांबली:
तिसरी डिस्क. लिहिता आलं नाही. बाद.

चौघींची भिशी आहे ही.
प्रत्येकीकडे थोडं थोडं, आणि हिशेबाचा कागद
आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे.
एखादी वाचताना अडखळली
तर बाकीच्या तिघी बेरीज-वजाबाकी करून
तिचं विसरलेलं तिला सांगतात.
ती ते पुन्हा उतरवून घेते,
खराब जागा सोडून बाजूला कुठेतरी,
आणि सकाळी कुणाला पत्ताही नसतो.
वाचायला चुकणं असं पोटात घालतात.
लिहायला चुकलं
की एका चुकीत नाव कटतं.

बाबा गोदीत टॅलीक्लार्क होते.
सदतीस पोत्यांच्या जागी त्र्याहत्तर.
चष्म्याचा नंबर कधीच बदलला होता
हे आईला नंतर दिवाळीत कळलं,
ते घरी बसल्यावर.

पहिलं काम, सगळ्यांचं लिहिणं बंद केलं.
मग कपाटातली कोरी डिस्क लावली,
लॅमिंग्टन रोडची, बिल अजून पाकिटात.
ती भरायला लागली. दहा टक्के. बावीस.
वॉचमन आंगणे चहा ठेवून गेले,
"अजून दुखतंय का हो मशीनचं?"

एक्केचाळीसवर पहिली डिस्क अडखळली.
वाचताना. एकच जागा.
एरवी हसण्यावारी गेलं असतं.
पण आता सांगायला दोघीच,
आणि कोरीला काय आठवणार?

त्या जागेवर कोण होतं ते शोधलं.
यशोदा तांडेल, वय बावन्न, शिवडी कोळीवाडा.
छाती, समोरून.
चित्र अर्ध्यावर येऊन करडं पडत होतं,
उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला, नेमकं जिथे
डॉक्टर मिस्त्री म्हणाले होते, उद्या पुन्हा बघू.
डाग तिचा की आमचा,
सांगता येईना.

टेबलावर ती बाद झालेली, पालथी.
हात लावला तर अजून कोमट.
तिला मी काही विचारलंच नव्हतं.
यंत्राने नाव कापलं, मी स्क्रू काढले.

ही खिडकी खाडीकडे उघडते,
बंद असली तरी उघडीच असते म्हणा.
तिची केबल टॉर्चखाली धरली:
पिनांवर हिरवा कळंक,
कल्हई गेलेल्या पातेल्यात असतो तसा.
आता यात ताक ठेवलं
आणि नासलं,
तर ताकाला काय बोलायचं.

सगळं बंद. कोरी बाहेर, जुनी आत, केबल नवी.
तिच्या वहीत इतरांपेक्षा चार नोंदी कमी.
चारच.
जबरीने जोडून घे, असाही एक हुकूम आहे.
तो टाइप केला आणि एंटरवर बोट नेऊन
थंड चहा आधी संपवला.

चौघी जुळल्या.
पहिलीचं विसरलेलं तिला सांगितलं गेलं,
सांगणाऱ्यांत तिसरीही होती.

पाचला दहा कमी असताना
यशोदाबाईंचं फुफ्फुस पूर्ण आलं.
डाग होता.
तिचाच होता.
वाटाण्याएवढा. मी डॉक्टर नाही,
पण तो जागचा हलला नाही, तीनदा उघडून पाहिलं.
आठला मिस्त्री येतील. तोवर तो माझ्याकडे.

नोंदवही ओढली.
केबल बदलली, रुपये एकशे चाळीस.
तिसरी डिस्क निर्दोष.
'निर्दोष' पहिल्यांदा चुकला.
खोडला,
आणि खाली पुन्हा लिहिला.